तेराचा पाढा आणि नळाची रांग

शाळेत शिकलेलं पोरं घरी जाऊन विसरतात, हा देशातला अवघड प्रश्न मी एका भोंग्यावर सोडवणार होतो!

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, मी तिथल्या शाळेचा गुरुजी. वेचणीच्या दिवसांत आई-बाप कापसात, घरी अभ्यास घेणार कोण? दिवसा डोक्यात भरलेला पाढा सकाळपर्यंत गळून गेलेला असे. म्हणून रोज संध्याकाळी घरोघरी पाढा ऐकवायला मी ग्रामपंचायतीचा भोंगा मागितला. सरपंच रुखमाबाईंनी तो दिला, पण आठवडाभरच. पोरं शिकली तर ठीक, नाहीतर वायर काढून नेईन, असं बजावूनच.

पहिल्या संध्याकाळी मी घसा खाकरून "तेरा एके तेरा" म्हटलं आणि पंचायतीच्या खिडकीतून पाहतो तर काय, हंडे-कळशा घेऊन बाया धावत येताहेत! आमच्याकडे भोंगा वाजला म्हणजे लाइट आली, आणि लाइट आली म्हणजे मोटर चालू होऊन पंचायतीपुढचा नळ येणार. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. पाणी नाही, अभ्यास आहे, असं मी परोपरीने सांगितलं. पण न जाणो मोटर सुरू झाली तर? रांगेतला नंबर कोण सोडणार? नंबर धरायला पोरंही आणून उभी केली.

रोज हेच. पाढा माझा, शिव्या त्यांच्या. माझी बायको दीपासुद्धा निघताना हातात हंडा द्यायची. "जाऊनच राह्यले त येता येता भरून आणजा."

शनिवारी रुखमाबाई वायर काढायला आल्या.

"पोरं काही शिकून नाही राह्यले, गुरुजी. बायाईचे पाय मात्र दुखून राह्यले."

मी हात जोडले. एकदा विचारून तर बघा, म्हणालो. त्यांनी रांगेतल्या आपल्याच नातीला, अर्पिताला, पुढे ओढलं. तेरा साती?

"एक्याण्णव," अर्पिता म्हणाली. मग "तेरा आठी" म्हणून थांबली.

"एकशे चार!" अख्खी रांग ओरडली. पोरं, त्यांच्या आया, डोक्यावर कळशी घेतलेली एक म्हातारी, आणि सगळ्यांत मोठ्याने खुद्द रुखमाबाई! पुढचा पाढा रांगेनेच एका सुरात संपवला. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ज्या आयांना अभ्यास घ्यायला वेळ नव्हता, त्या आपल्या पोरांसोबत उभ्या राहून पाढा म्हणत होत्या.

रुखमाबाईंनी वायर सोडली. "राहू द्या भोंगा. तेराचा त माह्याबी पाठ झाला. आता चौदाचा घ्या."

मी छाती फुगवून तिथल्या तिथे चौदाचा सुरू केला. तेवढ्यात नळ आला. बायांनी पाढा म्हणत म्हणत पाणी भरलं, मीही रंगात येऊन पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. थांबलो तेव्हा नळ गेला होता.

घरी येऊन दीपाला सगळं अभिमानाने सांगितलं. तिने माझ्या हातातल्या कोरड्या हंड्यात डोकावून पाहिलं.

"साऱ्या गावानं पाणी भरलं," ती म्हणाली. "आता वरण काय चौदाच्या पाढ्यात शिजवू?"