गोदावरीचं डोहाळजेवण

बत्तीस वर्षं मी देवळाली प्रवऱ्यात विज्ञान शिकवलं आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही! शेवटच्या बाकावर कोण चिंच खातंय, हे मी फळ्याकडे तोंड करून सांगत असे. निवृत्त झालो तरी नजर निवृत्त झालेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला शंका येणार आहे.

आमच्या घरामागे मालनबाईंचा ऊस आहे. उसाच्या कडेला कालव्याचा पाझर साचून एक तळं झालंय. तळं कसलं, मुरमाचा जुना खड्डा. पण गाव त्याला तळं म्हणतं, मीही म्हणतो. जेवण झालं की मी खुर्ची घेऊन तिथल्या करंजाखाली बसतो. ऊस सळसळत असतो, हिरव्या पाण्यावर पिकलं पान हळूहळू गोल फिरत असतं, आणि आपण जागे आहोत की झोपलोय हे स्वतःला विचारायचाही कंटाळा येतो. त्या पाण्यात दोन कासवं राहतात.

एका दुपारी डोळे मिटत आलेले असताना मला दिसलं, एक कासव दुसऱ्याच्या पाठीवर! दोघंही तशीच पाण्यात सावकाश वळत होती, जणू कुठे जायचंच नव्हतं. मला वाटलं, स्वप्न. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी चष्मा पुसून बसलो. तेच!

"जयमाला!" मी घरात जाऊन बायकोला सांगितलं, "तळ्यात संसार सुरू झालाय!"

"मग तुमी कशाला बगत बसता?" ती म्हणाली.

विज्ञानाची कदर घरात कधीच नव्हती. मी कुंपणाशी जाऊन मालनबाईंना समजावलं. खालचं मोठं कासव म्हणजे मादी, वरचं लहान म्हणजे नर. पाऊस सरता सरता मादी काठावर येऊन वाळूत अंडी घालणार! मादीचं नाव मी गोदावरी ठेवलं. नराला नाव द्यायचं राहून गेलं. नवऱ्यांचं असंच होतं.

मालनबाईंनी पदर खोचला. "म्हंजी माज्या बांधावर बाळातपन? मग आमचीच लेक की ती, गुरुजी!"

त्या दिवसापासून वरच्या कासवाला सगळी बायामंडळी 'जावईबापू' म्हणू लागली. जावईबापूंना भाकरीचा कुसकरा, गोदावरीला भिजवलेली डाळ! मी दोन पाट्या वाळू आणून काठावर पसरली, भोवती काटेरी फांद्या लावल्या. पोळा झाल्यावर मालनबाईंनी जाहीर केलं, "येत्या रविवारी गोदावरीचं डोहाळजेवण!"

मी थांबवायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू? आपलं शास्त्र एकदाचं लोकांपर्यंत पोचतंय, या आनंदात मी होतो.

त्याच रविवारी माझी आणखी एक गोष्ट मार्गी लागायची होती. आमची एकुलती एक यशोधरा. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत, वय एकतीस. पुणतांब्याचे काकासाहेब आमच्यासारखेच शिक्षक, त्यांचा प्रवीण इंजिनियर, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट! रविवारी दिवेलागणीपर्यंत होकार कळवतो, असा शब्द मी देऊन बसलो होतो. यशोधराला विचारायचं तेवढं बाकी होतं.

शनिवारी ती आली. बरोबर तिची रूममेट राजेश्वरी, शेवगावकडची, जनावरांची डॉक्टर. दोघी चार वर्षं एकाच घरात राहतात. गुणी मुलगी, आमच्याकडे आली की पहिली भांडी घासायला बसते.

"पप्पा, मला बोलायचंय," यशोधरा म्हणाली.

"प्रवीणबद्दल ना? फोटो पाठवलाय मी!"

"प्रवीणबद्दल नाही. माझ्याबद्दल."

"आधी गोदावरीचं होऊ दे बेटा!" मी म्हणालो आणि फुलांच्या दागिन्यांचं बघायला गेलो. जेवताना तिने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मी कासवाच्या अंड्याला किती ऊब लागते ते सांगत होतो. अंथरुणावर पडल्यावर मात्र मला स्वप्न पडलं. वाळूतून कासवांची पिल्लं रांगेने बाहेर येतायत, प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर, आणि मी हजेरी घेतोय. रांगेत सगळ्यात शेवटी यशोधरा, शाळेच्या गणवेशात. तिने हात वर केला होता. मी तिचं नाव पुकारणार, तेवढ्यात घंटा झाली. जागा झालो तर कोंबडा आरवत होता.

रविवारी तळ्यावर वीसेक बायका जमल्या. रोजच्या वेळेला गोदावरी ऊन खायला काठावर आली. मालनबाईंनी अंगावर हिरवा खण टाकला, झेंडूची माळ चढवली. गोदावरीने झटकन मान आत ओढून घेतली.

"लाजली गं बाई!" बायका ओरडल्या. जावईबापू पाण्यातून नाक वर काढून बघत होते.

मग दोन वाट्या पानांनी झाकून समोर ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायका पुढे सरकल्या. गोदावरीने मान काढली, चार पावलं आली आणि एक पाय या वाटीत, दुसरा पाय त्या वाटीत घालून उभी राहिली!

"जुळं!" मालनबाई किंचाळल्या.

एवढ्यात गडबडीत गोदावरी वळली आणि तिच्या पायात माळ अडकली. राजेश्वरी पटकन पुढे झाली. कासवाला दोन्ही बाजूंनी अलगद धरून तिने माळ सोडवली, शेपटीकडे एकदा पाहिलं, आणि थबकली. तिने यशोधराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काका, ही मादी नाही."

"मग काय आहे?"

"नर. मादीची शेपटी एवढीशी असते. ही बघा केवढी लांब आणि जाड आहे."

माझ्या कानात पाणी गेल्यासारखं झालं. शेपटी! आठवीच्या मुलांना हे मीच तक्ता काढून शिकवलं होतं. या कासवाला तीन महिने मी वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, स्वप्नात पाहिलं. शेपटीकडे तेवढं पाहिलं नाही.

"मग मादी ती!" मी पाण्याकडे बोट केलं. "आपण फक्त उलटं धरलं!"

जावईबापू कुसकऱ्याच्या आशेने काठाशी आलेच होते. राजेश्वरीने वाकून पाहिलं. "तोही नर, काका."

वीस बायकांनी माना लांब करून पाण्यात पाहिलं.

"अगं पन," मालनबाई म्हणाल्या, "मग पावसाळाभर ह्यांचं चाललंय काय?"

"संसार, मावशी," राजेश्वरी म्हणाली. "कासवांत असं दिसतं. इतरही पुष्कळ प्राण्यांत दिसतं."

"अशक्य!" मी ओरडलो. बत्तीस वर्षांची नोकरी पणाला लागली होती. "एकाही पुस्तकात नाही हे! कासवं चुकली असतील!"

"पुस्तकात नाही म्हणून कासवांची चूक का, पप्पा?"

यशोधरा बोलत होती. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. डोळे भरले होते, आणि एका हाताने तिने राजेश्वरीच्या शर्टाची चिखलाने माखलेली बाही घट्ट धरली होती. पहिल्या दिवशी शाळेच्या दारात तिने माझी बाही धरली होती, अगदी तशी.

मी त्या हाताकडे बघत राहिलो. पाण्यावर पान फिरत होतं. सगळं लांबून ऐकू येत होतं, आणि तरीही मला आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटली. गावाची वाटली, तिच्या पुढच्या दिवसांची वाटली. आणि लाज वाटली, कारण पोरगी कालपासून हात वर करून उभी होती आणि मी हजेरीत तिचं नावच घेतलं नव्हतं.

"चूक कासवांची नाही बेटा," मी म्हणालो. "मास्तरची."

ती माझ्या गळ्यात पडली. बायकांना वाटलं, गुरुजींचं शास्त्र चुकलं म्हणून लेक रडतेय. दोघीतिघींनी माझ्याकडे रागाने पाहिलंसुद्धा.

मालनबाई मात्र अजून कासवांकडे बघत होत्या. गोदावरी घसरत पाण्यात गेली होती आणि दोघं शेजारी शेजारी तरंगत होती, एकाच्या पाठीवर हिरवा खण.

"दोगं एकमेकाला धरून हायत ना? भांडन न्हाई, तंटा न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात इतकं बी न्हाई! चला गं, भात थंड हुतोय. पानं वाढा!"

आणि डोहाळजेवण झालं! कुणाचं ते कुणी विचारलं नाही. पेढा आणि बर्फी यशोधरा आणि राजेश्वरीने अर्धी अर्धी खाल्ली. कासवाने पाय घातलेली नव्हे, डब्यातली दुसरी.

दिवेलागणीला मी काकासाहेबांना फोन लावला.

"बोला गुरुजी! मग होकारच समजू ना?"

"माफ करा, काकासाहेब. पोरीचं आधीच ठरलंय. मलाच उशिरा कळलं."

"अरेरे! काय करतात ते?"

"डॉक्टर."

"मग काय, नशीब काढलं पोरीनं!"

"हो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. बाकीचं हळूहळू सांगेन. एवढा धीरही मला एका दिवसाला पुष्कळ झाला.

आता सगळ्यात अवघड काम उरलं होतं. जयमालाला सांगायचं! ती चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशी, पण बसते चुलीपाशी बसल्यासारखीच. मी तिच्यासमोर पाट ओढला, तिचा हात हातात घेतला, तीनदा घसा खाकरला आणि म्हणालो, "हे बघ, घाबरू नकोस. मन घट्ट कर. आपली यशोधरा आणि ती राजेश्वरी..."

"व्हय," ती कांदा चिरत म्हणाली.

"व्हय म्हणजे? तुला माहीत होतं?"

"आवो, चार वर्सांमागं म्या पुन्याला गोधडी धाडली, ती किती मोठी व्हती?"

"बरीच मोठी होती."

"येकटीच्या अंगावरची व्हती का ती? दोन म्हैने शिवत बसले हुते म्या तुमच्या म्होरं! अन् यष्टीपस्तोर खांद्यावरून कुनी नेली?"

मी नेली होती. स्टँडपर्यंत, भर उन्हात, दोनदा खांदा बदलून. आणि माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलंय मी. गोधडी फार जड आहे, एवढं मी त्या दिवशीच ओळखलं होतं!