वस्तादाची लाठी अन् माझा रुमाल

लाठी फिरवणाऱ्याचं डोकं कधीच गंजत न्हाई! हे मी बायकोला, आमच्या सगुणाला, छातीठोकपणे सांगितलं. त्याच सकाळी मी गॅसवरल्या दुधाचा कोळसा केला होता, ते सोडा.

"आज कायबी विसरलात तर परभणीचं घर बंद," ती म्हणाली. "पुण्याला अपेक्षाकडं राहायचं. लेक कवाची बोलवायलीय."

पुण्याला? तिथं मला कोण वळखतंय?

"चल पालमला," मी म्हणलं. "पुरावाच दाखवतो!"

पुरावा म्हणजे पालमचे आमचे वस्ताद, भगवानराव. पोरपणी त्यांच्याच तालमीत लाठी शिकलो. तांबडी माती, तेलाचा वास, अन् पाय चुकला की घोट्यावर फटका! हात एकीकडं, पाय दुसरीकडं, नजर तिसरीकडं. डोक्याला डुलकी घ्यायला सवडच न्हाई. लय गोड दिवस होते हो ते!

पण वस्ताद आता खाटेवर. सुनेलाच विचारायलेत, "बाई, तू कोणाची?" मला तर वळखलंच न्हाई. गपचूप त्यांच्या हातात लाठी दिली, दुसरी घेऊन समोर उभा राहिलो.

म्हातारा उठला की! लाठी गरकन फिरली अन् माझ्या घोट्यावर बसली.

"दिन्या! डावा पाय अजून उशिराच!"

मी रडलो. घोटा दुखला म्हणूनबी रडलो. सगुणानंबी पदर डोळ्याला लावला.

स्टँडवर एसटी लागलेलीच होती. सगुणा पाण्याची बाटली आणायला गेली. मी खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली, शेजारी बसलो अन् तालमीच्या आठवणीत पार बुडालो. गंगाखेडला एक दांडगा गडी बसायला आला.

"माणूस हाय इथं!" मी लाठी आपटली. गडी उभ्यानं आला. मधी पिशवीत फोन वाजत होता, पण जागा सांभाळू का फोन घेऊ?

परभणीत उतरता उतरता घेतला.

"पोचलात का?" सगुणाचा आवाज. "कायबी विसरलं न्हाई ना?"

लाठी, पिशवी, छत्री. सगळं चाचपलं.

"कायबी न्हाई! म्हणलं न्हवतं का, लाठीवाल्याचं डोकं..."

"मग मी पालमच्या स्टँडवर काय करायले?"

सीटवर माझा रुमाल ऐटीत बसला होता.

तर मंडळी, सध्या मुक्काम पुणे. इथल्या गच्चीवर रोज लाठी फिरवायचा बेत एकदम पक्का हाय. लाठी तेवढी परभणीला राहिली.