कंटकरावांचा बुटका मोगरा

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि तळ्याकाठी मोगऱ्याची झुडपं होती. प्रत्येक प्राण्याकडे एकेक झुडूप सांभाळायला दिलेलं होतं. आता हसू नका. जंगलात असंच असतं.

कंटकराव साळिंदराचं झुडूप अगदी टोकाला होतं. त्यांचं बीळही तिथंच, सखल जागी. दर पावसाळ्यात बिळात पाणी शिरायचं आणि कंटकराव सहकुटुंब दगडावर बसून आषाढ काढायचे. त्यांच्या बायकोला, भिवराबाईंना, त्यामुळे कायमचा खोकला जडला होता.

त्या वर्षी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. वैशाखी पौर्णिमेला ज्याचा मोगरा सगळ्यांत जास्त फुललेला दिसेल, त्याला टेकाडावरची कोरडी गुहा बक्षीस.

भिवराबाई म्हणाल्या, "अहो, एवढी गुहा मिळवाच. मला आता ओल सोसवत नाही."

"मिळाली म्हणून समज," कंटकराव म्हणाले. बढाई मारायची त्यांना खोडच होती.

पौष महिना लागला. कंटकरावांनी झुडपाचं पाणी तोडलं. पानं गळू दिली. मग आपल्या दातांनी फांद्या कराकरा छाटल्या आणि गुडघाभर खुंट तेवढे ठेवले. ते करून गप्प बसावं की नाही? पण ते तळ्याभोवती फिरून प्रत्येकाला सांगू लागले, "छाटा रे! पान बघून खूश होऊ नका. जुन्या फांदीला फूल येत नाही."

झालं! सगळं जंगल खवळलं.

झुडूप-संवर्धन समितीचे अध्यक्ष होते नीलकंठपंत मोर. पंतांनी तातडीची सभा बोलावली. पिसारा पूर्ण फुलवून ते म्हणाले, "मित्रांनो, फांदी म्हणजे नुसती फांदी नव्हे. फांदी ही आपली अस्मिता आहे!"

टाळ्या पडल्या. हरणाला तर रडूच कोसळलं.

"छाटणीला माझा विरोध नाही," पंत पुढे म्हणाले. "छाटणी व्हायलाच हवी. पण सुरुवात शेजारच्या झुडपापासून व्हावी."

हे सगळ्यांना पटलं. प्रत्येकाने शेजारच्या झुडपाकडे बोट दाखवलं. बोटं तळ्याला वळसा घालून कंटकरावांच्या खुंटांपाशी येऊन थांबली. तिथं छाटणी झालेलीच होती. म्हणजे कामाला सुरुवातही झाली आणि ठरावही पार पडला. कंटकरावांना मात्र हरितद्रोही ठरवण्यात आलं, आणि त्यांच्याशी कुणी बोलेनासं झालं.

चैत्र आला. पंतांचं झुडूप माणूसभर उंच वाढलं, नुसतं हिरवंगार. बाकीच्यांचीही तीच गत. पान पाहिजे तेवढं, कळी एक नाही. आणि कंटकरावांच्या बुटक्या झुडपाला? कोवळे फुटवे आले आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला टपोऱ्या कळ्यांचे घोस लगडले. भिवराबाई रोज गुहेत चूल कुठं मांडायची ते ठरवू लागल्या.

पौर्णिमा उजाडली. साळिंदरं दिवसा झोपतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पंतांनाही ठाऊक होतं. दुपारी त्यांनी सुगरण पक्ष्याला बोलावलं, हातात दोऱ्याचं रीळ दिलं आणि कंटकरावांच्या कळ्या खुडायला लावल्या. झुडूप बुटकं असल्यामुळे खुडायला काही त्रास पडला नाही. सुगरणीची गाठ म्हणजे काय विचारता! संध्याकाळी कळ्या उमलल्या, त्या पंतांच्या फांद्यांवर.

कंटकराव जागे होऊन बाहेर आले. महाराजांचा लवाजमा पंतांच्या झुडपापाशी थांबलेला होता. सुवास ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी आपल्या झुडपाकडे पाहिलं आणि त्यांचे सगळे काटे उभे राहिले.

"महाराज!" ते ओरडले. "मोगऱ्याचं फूल दोऱ्यावर येतं का? तो बघा, दोरा लोंबतोय!"

महाराजांनी दोरा पाहिला. नीट पाहिला. मग ते म्हणाले, "वास येतोय ना? मग झालं तर. इतक्या उंच झाडाला आधार लागणारच. आणि तुझ्या झुडपावर काय आहे, ते दाखव."

दाखवायला काहीच नव्हतं. गुहा पंतांना मिळाली. शिवाय त्यांना दर पौषात 'छाटणीचे महत्त्व' या विषयावर व्याख्यान द्यायचं काम मिळालं.

आषाढात बिळात पाणी शिरलं. दगडावर बसून भिवराबाई खोकत होत्या.

"पुढच्या पौषात मी झुडपाला दात लावणार नाही," कंटकराव म्हणाले. "तू फक्त सुगरणीकडून दोरा आणून ठेव."

"आणि फुलं हो?"

"ती कुणाची ना कुणाची येतीलच की."

पुढची वैशाखी पौर्णिमा आली. तळ्याभोवती सगळे प्राणी दोरा घेऊन एकमेकांच्या झुडपांकडे बघत उभे होते. कुठंही एक कळी नव्हती. महाराज आले, त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि त्या वर्षापासून पर्णोत्सव जाहीर केला. पहिला मान अर्थातच पंतांना मिळाला.

तात्पर्य : बाळांनो, वेळेवर छाटणी केली की फुलं येतात, पण बक्षीस दोऱ्याला मिळतं. म्हणून दोरा नेहमी जवळ बाळगा आणि शेजारी कष्टाळू बघून घर घ्या. असा शेजारी कुठं मिळेल, ते मात्र मला विचारू नका. शेवटचा होता, तो दगडावर बसलाय.