वीरभद्रअण्णांचा कानून

वीरभद्रअण्णांच्या केशतेलाच्या दुकानावर पाटी होती : 'या तेलाने केस गळायचे थांबतात.' त्याखाली ताज्या रंगात : 'काहींचे.' आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात : 'मालकाचे थांबले नाहीत.'

मालकाचं डोकं बघितल्यावर हे वेगळं सांगायची गरज नव्हती. पण खोट्या जाहिरातींवर सरकारने नवा कायदा आणल्याचं अण्णांनी वाचलं आणि त्याच दुपारी पेंटर बोलावला.

"कानून बदलला, सायब," मला म्हणाले. "आता उगं कायबी लिवून चालायचं न्हाई."

गंमत म्हणजे तेलाचा खप वाढला. एवढं खरं बोलणाऱ्या माणसाचं तेल वाईट कसं असेल, असं लोकांना वाटलं असावं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी मूळचा उमरीचा. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून बदलून आलो आणि अण्णांच्या दुकानासमोरच्या माडीवर भाड्याने राहिलो. नव्या जिल्ह्याचा खरा आनंद झाला होता तो अण्णांना. पूर्वी कुठलाही कायदा उस्मानाबादेहून इथे पोचेपर्यंत शिळा व्हायचा, अशी त्यांची तक्रार. आता कचेरी हाकेच्या अंतरावर! सकाळी पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते थेट आमच्या नोटीसबोर्डासमोर हजर. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दू शाळेतलं. त्यामुळे मराठी वाचताना ओठ हलायचे. रॉकेलच्या कोट्याची नोटीससुद्धा शेवटच्या सहीपर्यंत वाचायचे.

नवा नियम आला की बाजारातले बाकीचे व्यापारी वकील गाठायचे, सुटायचं कसं ते विचारायला. अण्णा मला गाठायचे, आणि नियम आपल्याला लागू होतो ना, याची खात्री करून घ्यायचे. होत नाही म्हटलं तर त्यांचं तोंड उतरायचं.

मालावर किंमत, वजन, तारीख, पत्ता छापायचा नियम त्यांनी असा काही पाळला, की चिठ्ठी बाटलीला गुंडाळूनही वीतभर खाली लोंबायची.

"अण्णा, हे तेल हाय का पंचांग?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"आधी वाचा, मग लावा," अण्णा म्हणाले.

सोमवार दुकानाच्या, कायद्याने सक्तीच्या सुट्टीचा. एका सोमवारी लग्नाचं वऱ्हाड तेलासाठी दार वाजवत उभं राहिलं. अण्णा खिडकीतून शांतपणे म्हणाले, "मी दिसायलो, ते खरं हाय. पण दुकान बंद हाय."

दुकानात कामाला एकच बाई, रुक्मिणबाई. नवरा लवकर गेलेला, एकटीने मुलगी वाढवून लग्न करून दिलेलं. कोणाचं फुकट घ्यायचं नाही, हा तिचा बाणा. ती मांडी घालून बाटल्या भरायची. कामगाराला बसायची सोय हवी असं कुठेतरी वाचून अण्णांनी तिच्यासाठी खुर्ची आणली. ती काही जमिनीवरून उठेना.

"अगं, कानूनात खुर्ची लिवलीय!"

"मग कानूनालाच बसवा तिच्यावर," ती म्हणाली.

मग एका वर्षी दुष्काळ आला. नळ कोरडे पडले, टँकरमागे भांडी घेऊन लोक पळायला लागले. अण्णांच्या परसातल्या आडाला मात्र थोडं पाणी टिकून होतं. रुक्मिणबाईची मुलगी नेमकी तेव्हाच बाळंतपणाला माहेरी आली होती. टँकरच्या गर्दीत धक्के खाऊन रुक्मिणबाई कामावर यायची ती तारवटलेले डोळे घेऊनच.

"आडावरनं घागर भरून ने की," अण्णा म्हणाले.

"नगं. आज पानी घेतलं, उद्या काय घ्यावं?"

अण्णांनी पुढे वाद घातला नाही. दोन-चार दिवसांनी त्यांनी दुकानात गंभीरपणे जाहीर केलं, "नवा कानून निघाला. दुष्काळात ज्या मालकाकडं पाणी हाय, त्यानं कामगाराच्या घरी रोज दोन घागरी देयाच्या. न्हाई दिल्या तर दंड."

रुक्मिणबाईला वाचता येत नव्हतं, पण अण्णांचा चेहरा चांगला वाचता यायचा. ती तडक कचेरीत माझ्या टेबलापाशी आली.

"दादा, आसा कायदा हाय का? खरं सांगा."

मी मान वर केली. तिच्या मागे, व्हरांड्यात अण्णा नोटीसबोर्डाकडे तोंड करून उभे होते. ओठ अजिबात हलत नव्हते.

"आहे," मी म्हणालो. "नवाच आहे."

"अन् पानी न्हाई नेलं तर दंड अण्णाला?"

"चांगला जबर."

ती विचारात पडली. "मग न्यावं लागंल. पर मालकानं काय देयाचं ते लिवलंय, तर कामगारानं काय देयाचं तेबी लिवलं असल की."

"असेल... बघावं लागेल."

"बघू नगा. मला म्हाईत हाय," म्हणून ती निघून गेली. त्या संध्याकाळपासून घागरी जायला लागल्या.

पुढच्या सोमवारी मी सहज अण्णांकडे डोकावलो. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुली बिदरकडे दिलेल्या. एरवी ते खाणावळीत जेवायचे. पण सुट्टीच्या नियमासाठी त्यांनी खाणावळवाल्याच्याही मागे लकडा लावला होता, त्यामुळे सोमवारी तीही बंद. दर सोमवारी अण्णांचं जेवण म्हणजे चुरमुरे आणि चहा. हे मला इतके दिवस कळलं नव्हतं. रुक्मिणबाईला कळलं होतं.

अण्णा ओसरीवर बसले होते. पुढ्यात फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी, वाटीत पिठलं.

"सायब," ते हळूच म्हणाले, "सुट्टीच्या दिशी कामगारानं मालकाला जेवू घालायचं, आसा कानून हाय म्हनली. तुमीच सांगितला म्हनं. खरंच हाय का हो?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात अण्णांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि तुकडा बोटांनी चाचपला.

"गरम हाय," एवढंच म्हणाले, आणि जेवायला लागले.