बारा फटींची पंगत

"घराला कोपरा न्हाई. केर लोटायचा तरी कुठवर? नुसतं गोल फिरत ऱ्हायाचं," ठकूबाई पुटपुटली. तिच्या मते मनातल्या मनात. पण तिची धाकटी जाऊ निर्मला हातभरावरच बेसनाच्या मासवड्या कापत होती.

निर्मलाने सुरी थांबवली नाही. अवसरीच्या माळावरचा हा बुरूज कुणा इंग्रज साहेबाने निव्वळ हौसेखातर, मुद्दाम अर्धवट पडका बांधलेला. किल्ला नव्हताच, नुसता बुरूज. पुढे तीन पिढ्या त्यात सासरची मेंढरं बसली. वाटणीत तो निर्मलाच्या नवऱ्याकडे, सोमनाथकडे आला आणि तिने त्याचं घर करायचं ठरवलं. दोन वर्षं भावकी येऊन बघून जायची. "भिंती जाड हायेत," म्हणायची. "वारं लई लागतं," म्हणायची. चांगलं झालंय, एवढं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. आज वास्तुशांत. आज तरी निघावं, म्हणून निर्मलाने दीडशे माणसांचं रांधलं होतं.

पूजा उरकली आणि ठकूबाईचा आहेर टेम्पोतून उतरला. लोखंडी कपाट, आरशाचं.

दाराशी सगळे थबकले. सोमनाथच्या आज्याने साहेबाच्या मोठ्या दारात दगड रचून, एका वेळी एकच मेंढी जाईल एवढी वाट ठेवली होती. मोजायला सोपं. घर करताना गवंड्याने माप विचारलं, तर सोमनाथने सवयीने तेच सांगितलं.

"तिरकं घ्या," ठकूबाई आतून म्हणाली.

"तिरकंच हाय, वैनी," सोमनाथ बाहेरून म्हणाला.

"मग लोटा."

लोटलं. कपाट निम्मं आत आलं आणि बसलं. पुढे जाईना, मागे येईना. दार एकच. आत दोन जावा, भाकरीची चवड आणि रश्श्याचं पातेलं. बाहेर भुकेली भावकी.

"आता काय फटीतनं जेवायचं व्हय?" ठकूबाईचे यजमान दादाभाऊ बाहेरून ओरडले.

निर्मलाने वर पाहिलं. बुरूज खरा वाटावा म्हणून साहेबाने बंदुकांसाठी भोवताली, छातीच्या उंचीवर, बारा फटी ठेवल्या होत्या. त्यांतून कधी गोळी सुटली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "एकेका फटीपाशी रांग लावा."

"आन् मी?" ठकूबाईने विचारलं.

"रस्सा तुमी, आक्का. उजवीकडनं सुरू करा."

निर्मला मधोमध उभी राहिली. तिथून बाराही फटी सारख्याच जवळ. भाकरीवर मासवड्या गेल्या, मागोमाग रश्श्याचे द्रोण.

"आक्का, ह्या फटीला रस्सा पातळ येतोय."

"गप खा, पावणं. बाराला मिळून पातेलं एकच हाय."

एरवी तीन तास चालणारं जेवण पाऊण तासात उरकलं. गोलाला पहिलं टोकच नसतं, त्यामुळे पहिल्या पंगतीवरून रुसायलाही कुणी उरलं नाही.

पोट भरलेल्या दहा जणांनी ओढल्यावर कपाट सुटलं.

"वैनी, या भाईर," सोमनाथ म्हणाला.

ठकूबाई आली नाही. तिथेच भिंतीला पाठ टेकून बसली, पदराने घाम पुसू लागली. बारा फटींतून बारा तोंडं आत डोकावली.

"निर्मला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घर लई चांगलं झालंय. आमी जळत व्हतो, म्हणून बोललो न्हाई."