नाझरसाहेबांचा गिअर रेशो

शेजारच्या नाझरसाहेबांनी माझ्या बायकोला सात पॉइंट तीन ठरवलं तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. तिने भाजीवाल्याला एवढंच विचारलं होतं की मेथी अशी पिवळी का. नाझरसाहेब कुंपणापलीकडून ऐकत होते. मला हळूच म्हणाले, "मास्तर, सूनबाई सात पॉइंट तीन हायेत. मूठ जराशी फिरवली का दोरी सरसर." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्ही पाच पॉइंट चार. तुमाले लय फिरवा लागते."

बायकोला वाटलं, पत्रिकेतली काही भानगड असेल. मी तिला समजावून सांगितलं की हा मासे धरायच्या रीलचा हिशोब आहे. त्यावर ती जे बोलली त्यावरून नाझरसाहेबांचा अंदाज बरोबर होता असं म्हणावं लागेल.

रील म्हणजे पतंगाच्या चक्रीची शिकलेली बहीण. बाहेर मूठ, आत दोरी गुंडाळणारी चकरी. मूठ एकदा फिरवली की चकरी जितक्यांदा फिरते, तो तिचा गिअर रेशो. एवढी साधी गोष्ट आहे. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून ती मला ठाऊक होती. ठाऊक आहे असं मी कबूल केलं, आणि तिथे फसलो.

नाझरसाहेबांना सगळं जग या आकड्यांत दिसतं. चिखलीची एसटी पाच पॉइंट चार. आमचे नगरसेवक मतदानाआधी आठ पॉइंट एक, नंतर मूठच सापडत नाही. दुसरबीडचे त्यांचे साडू जेवायला बसताना सात आणि उठताना पाच.

एवढ्यावरून कोणालाही वाटेल की माणूस पट्टीचा मासेमार असणार. नाझरसाहेबांनी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमलेटची गाडी उभी असते त्या कोपऱ्यावरून ते श्वास रोखून जातात. त्यांच्याकडे गळाची एक देखणी विलायती काठी आहे, रबराच्या जांभळ्या अळ्यांचं एक पाकीट आहे, आणि रील नाही. कारण रेशो ठरलेला नाही.

काठी आणि अळ्या आणल्या त्यांच्या मुलाने. प्रशांत अमेरिकेत असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. पूर्वी त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, बोलायच्या. लोणचं, पाहुणे, कोणाचं कुठे जमलं, सगळं त्यांच्याकडे. शेवटी त्या फोन नाझरसाहेबांच्या कानाला लावायच्या. "बाबा, बरे हा ना?" "हाव." "ठेवू मंग?" "ठेव." काकू गेल्या आणि फोनातलं शेवटचं तेवढंच उरलं. बाप आणि लेक दोघेही पाच पॉइंट चार. दोन्हीकडून मूठ फिरायची, दोरी काही यायची नाही.

मग एका रविवारी प्रशांत सहज बोलून गेला की ऑफिसातल्या लोकांबरोबर तो बास नावाचा मासा धरायला जातो, आणि रबरी अळीसाठी कोणत्या रेशोची रील घ्यावी ते दुकानात कळेना. नाझरसाहेब म्हणाले, "म्हंजे काय?" त्या दिवशी त्यांचा चहा निवला, पोहे वाळले, आणि फोन चालूच होता.

सगळी नोकरी इथल्या कोर्टात नाझर म्हणून गेलेली. तेव्हा रेशोचं प्रकरणही त्यांनी रीतसर दाखल करून घेतलं. एका बाजूचं म्हणणं असं की रबरी अळी जिवंत वाटायची तर ती हळू सरकली पाहिजे, म्हणून हळू रील, पाच पॉइंट चार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की अळी हलवते काठी. रीलने फक्त सैल पडलेली दोरी ओढायची, आणि माशाने तोंड लावलं की ती झटक्यात ओढायची, म्हणून सात पॉइंट तीन. रविवारी प्रशांतचा युक्तिवाद व्हायचा. आठवडाभर माझा. मग पुढची तारीख.

संध्याकाळी आम्ही पुराव्यासाठी गावाबाहेरच्या तळ्यावर जायचो. मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि मला रात्री जेवण जायचं नाही, म्हणून मी जायचो. रील नसल्यामुळे ते काठीखाली हवेतच मूठ फिरवत बसायचे, आणि त्या वेगाने अळी ओढायचं काम माझं. सुतळीला जांभळी अळी बांधून मी काठाने अनवाणी चालायचो. "पाच पॉइंट चार," ते म्हणायचे, मी रमतगमत जायचो. "सात पॉइंट तीन," ते म्हणायचे, मी पळायचो. एकदा असा पळत असताना समोर माझ्याच वर्गातली एक मुलगी आणि तिचे वडील आले. वडिलांनी नमस्कार केला. मीही अळीसकट केला. माझा त्या वर्गाचा पोर्शन तेव्हा बराच मागे होता.

तळ्यावर जाळं टाकणारे एक भोई होते. त्यांनी विचारलं, साहेब, बास कुठी हाय इथं? नाझरसाहेबांनी मरळीला आरोपी म्हणून उभं केलं. बास नसला तरी मरळ आहे, तिलाही रबर चालतं, असा त्यांचा दावा. भोई बराच वेळ काठीकडे पाहत राहिले. म्हणाले, "मंग धरा ना, साहेब."

"रेशो ठरला नाही अजून," नाझरसाहेब म्हणाले.

मी एकदा धीर करून म्हटलं, निकाल लावून टाका आता. तेव्हा त्यांनी मला अमडापूरच्या दोन भावांची गोष्ट सांगितली. बांधाचा दावा होता. तारखेला दोघं एकाच बसने यायचे, कोर्टाच्या आवारात निंबाखाली एकाच डब्यातली भाकर खायचे. निकाल लागला. जिंकलेला भाऊ पुढल्या महिन्यात उगाच आवारात येऊन बसला होता. "म्या विचारलं, आता काय काम हाय रे? तर निसता फाटकाकडं पाहे."

मी या गोष्टीवर मनापासून हसलो. मला ती विनोदी वाटली.

वर नाझरसाहेबांचीच मला कीव आली. हवेत मूठ फिरवणारा म्हातारा पाहवत नाही. एकदा रील हातात आली की दोन देशांत दोघं गळ टाकून बसतील, बोलायला आणखी विषय मिळतील, असं मी धरून चाललो. दोन्ही पक्षांचा मध्य काढून सहा पॉइंट चारची रील मागवली आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी मूठ फिरवली. चकरी मऊ आवाज करत फिरली. "चांगली हाय," ते म्हणाले. पुन्हा फिरवली नाही. उद्या सकाळी फोनच्या वेळी या, एवढंच म्हणाले.

रविवारी गेलो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. पलीकडे प्रशांत.

"मंग बाबा, काय झालं रेशोचं?"

"ठरला. सहा पॉइंट चार. मास्तरनं आणून देली."

"अरे वा. चांगलं झालं."

"हाव."

प्रशांतने विचारलं, जेवण होते ना टायमावर. हाव. हवा कशी हाय तिकडं. हाय बरी. नाझरसाहेब पंच्याच्या कोपऱ्याने तांब्यावरचे थेंब पुसत होते. मी मांडीवर रील घेऊन बसलो होतो, आणि ती उचलून तळ्यात फेकून यावी असं मला वाटलं.

प्रशांतने घसा खाकरला. आता 'ठेवू मंग' येणार, म्हणून मी मान खाली घातली.

"बाबा," तो म्हणाला, "तुमच्या तळ्यात गवत हाय का? पाण्यातलं?"

त्या काठाने मी रोज अनवाणी पळालेलो. खाली मुरूम आणि दगड. गवताची काडी नाही. हे माझ्याइतकंच नाझरसाहेबांनाही ठाऊक होतं.

"हाय ना," नाझरसाहेब म्हणाले. "लय हाय."

"मंग सहा पॉइंट चार नाही जमणार. मासा गवतात शिरला का दोरी गुतते. किती हाय गवत? मास्तर हायेत का तिथं? त्यायले विचारा."

नाझरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"कमरेएवढं आहे," मी म्हणालो.

"बाप रे," प्रशांत म्हणाला. "मंग तं पयल्यापासून पाहा लागंल."

नाझरसाहेबांनी खुर्ची फोनजवळ ओढली.