बांबूच्या मापाची गाडी

गाडी बघायला शोरूममध्ये जाताना माणसं आधार कार्ड नेतात, बायको नेतात, फार तर गाडीतलं कळणारा एखादा मेहुणा नेतात. आमच्या शेजारचे पटले काकाजी बांबू न्यायचे.

चांगला वाळलेला, गाठी तासलेला, दोन्ही टोकांना लाल सुतळी गुंडाळलेला बांबू. काचेच्या दारातून तो आडवा जात नसे, म्हणून काकाजी आधी त्याला उभा करायचे आणि मग त्याच्या मागून स्वतः शिरायचे. टाय लावलेला पोरगा "आइए अंकल, वेलकम" म्हणत पुढे यायचा आणि बांबू दिसला की तितकाच मागे सरकायचा.

"घाबरू नको गा," काकाजी म्हणायचे. "मारत नाई. मोजतो."

मग बांबू गाडीच्या तोंडापुढं आडवा धरायचा आणि पोराला हुकूम सोडायचा, "कान पाड इचे." गाडीच्या बाजूच्या आरशांना ते कान म्हणत. कान मिटले की बांबूची टोकं दोन्हीकडून चार बोटं तरी बाहेर दिसायला हवीत. नाही दिसली तर निकाल तिथंच लागायचा. "लठ्ठ हाये. चाल वो बाई."

ती बाई म्हणजे मी. शेजारी राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. माझे आईबाप दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी करत जगले, आणि आमच्या घराण्यात पदवीचा कागद घरी आणणारी मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, इथंही सांगून ठेवते. काकाजींना मात्र त्या कागदाचा एकच उपयोग दिसला. "तू शिकेल हाये, तं चाल माह्यासंगं. तो टायवाला मले इंग्रजीत फसवते."

काकाजी धानाचे दलाल. दाणा दाताखाली फोडायचा, भाव बोलायचा, हातावर हात मारायचा, झाला सौदा. लिहिणं नाही, सही नाही. गाडीकडेही ते धानासारखंच बघत. सीट चिमटीत धरून पाहायचे, बॉनेटवर टिचकी मारून कान द्यायचे, डिक्की उघडून आत नाक घालायचे.

"मागच्या सालचा माल हाये."

"अंकल, कल ही आई है।"

"आली काल. बनली कवा?"

एकदा एका पोरानं कौतुकानं सांगितलं, "अंकल, इसमें टच स्क्रीन है।" काकाजी म्हणाले, "हाव, पण मी टच करत बसलो तं समोरच्या म्हशीले कोण पाहीन?"

गोंदियात फिरवायची गाडी लहानच हवी, हे मला पूर्ण पटायचं. बाजारात एका अंगाला ई-रिक्षा, दुसऱ्या अंगाला हातठेले, मधोमध रवंथ करत बसलेली गाय. त्यात मोठी गाडी म्हणजे विकतचा ताप. लहान, परवडणारी, पेट्रोल कमी पिणारी, खालून उंच आणि वळायला हलकी अशी गाडी मी मोबाइलवर शोधत राहायची. एकीचं मायलेज चांगलं, पण पत्रा पातळ. दुसरीचा पत्रा जाड, पण मागच्या सीटवर गुडघे छातीला लागणार. सीएनजीवाली स्वस्तात पळणार, पण डिक्कीत टाकी बसलेली, सामान डोक्यावर घ्या. काकाजी सगळं मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "पाहू ना. घाई कायले?"

हे "घाई कायले?" त्यांच्या तोंडात चोवीस तास. चहा उतू चालला, घाई कायले? स्टेशनात रेल्वेनं शिट्टी दिली, घाई कायले? त्यांनी विचार करेपर्यंत कितीतरी मॉडेलं बंद पडली. शोरूममधले टायवाले बदलले. जुन्यांपैकी एक जण पुढं भेटला तो दोन लेकरं आणि सुटलेलं पोट घेऊन. "अंकल, गाडी ली क्या?" त्यानं विचारलं. काकाजी म्हणाले, "पाहून राहिलो." मग मला हळूच, "गाड्याही अशाच दर साली लठ्ठ होऊन राहिल्या वो. कंपनीवाले काय चारतात त्यायले?"

एकदा टेस्ट ड्राइव्हला आम्ही बिरसीच्या रस्त्यानं गेलो. गाडी शोरूमचा पोरगा चालवत होता, काकाजी बांबू खिडकीतून बाहेर काढून बसले होते. डोक्यावरून वैमानिकांच्या शाळेतलं लहान विमान घरघरत गेलं.

मी म्हटलं, "काकाजी, तिथं माझ्यापेक्षा लहान पोरी विमान उडवून राहिल्या, अन् आपण अजून गाडीच पाहून राहिलो."

त्यांनी मान बाहेर काढून विमान दिसेनासं होईस्तोवर पाहिलं. "विमानाचं बरं हाये," ते म्हणाले. "त्याले गल्ली नाई लागत."

मी हसले आणि विसरून गेले.

बांबू आपल्या घराच्या फाटकाच्या मापाचा आहे, असं ते जगाला सांगत. मीही तेच धरून चालले होते. एका हंगामात त्याच फाटकातून पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट, कुठंही न घासता आत गेलेला मी पाहिला. ग्रॅज्युएट असूनही माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला, बांबू तर फाटकापेक्षा कितीतरी आखूड होता.

काकी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मी सरळ विचारलं, "काकी, तो बांबू कुठल्या मापाचा?"

सूप थांबलं. "सुनंदाच्या गल्लीच्या," त्या म्हणाल्या.

सुनंदा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. मी इथं राहायला येण्याआधीच तिनं लग्न केलं होतं, रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतल्या बौद्धाच्या पोराशी. म्हणजे आमच्या समाजातल्या. त्या दिवशी काकाजी चार पाहुण्यांसमोर बोलून गेले, "तुह्या गल्लीत मी पाय ठेवणार नाई." तोंडी सौद्यावर आयुष्य काढलेला माणूस. मंडीत त्यांनी शब्द फिरवलेला कुणी पाहिला नव्हता, मग घरात कसा फिरवणार?

पुढं सुनंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. काकी म्हणाल्या, जा, घेऊन या पोरीला. जायचं तर काकाजींच्याही मनात होतं. शेवटी त्यांनी दलालाच्या डोक्यानं वाट काढली. पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, चाक ठेवणार नाही असं कुठं म्हटलं होतं? गाडी घ्यायची, लेकीच्या दारात लावायची, तिला बसवायचं आणि आणायचं. आपला पाय जमिनीला लागायचाच नाही. अडचण एकच, गल्ली अरुंद. म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी माप घेतलं होतं.

"रिक्शा करा म्हटलं मीनं," काकी म्हणाल्या. "तं म्हणे, भाड्याच्या गाडीनं लेक आणू का? अन् हे पाहूनच राहिले. तिकडं पोरगी झाली, चालाले लागली, शाळेत गेली. मी जातो आपली पायी, बाजाराच्या नावानं. त्यायले माईत हाये. त्यायले माईत हाये हे मलेही माईत हाये. बोलत कोणी नाई."

मला राग आला. आमच्या घरचा चहा त्यांना चालायचा, दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. आमच्यातला जावई तेवढा चालला नव्हता. दुसऱ्या दिवशी हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. काकाजी बांबूची सुतळी सोडून पुन्हा गुंडाळत बसले.

"चुकलो वो बाई," ते म्हणाले. "जावई चांगला हाये. समदं गाव सांगते."

"मग पायी जा ना! शब्द परत घेता येते."

"आता पायी गेलो तं सुनंदा म्हणीन ना, पायीच याचं होतं तं एवढे दिवस काऊन नाई आले?"

मी आपली पदवी घेऊन घरी आले. 

मग मागच्या दिवाळीच्या आधी शोरूममधून मला फोन आला. बांबूत बसणारी जी एकुलती एक गाडी होती ती कंपनी बंद करणार होती. शेवटचा नग उरला होता, कुणी न घेतलेला, पोपटी रंगाचा. मी फाटकातूनच ओरडून सांगितलं. काकाजी "घाई कायले" म्हणाले नाहीत. ते उठले आणि एक पाय आपल्या, एक पाय काकीच्या चपलेत घालून निघाले.

गाडी घरी आली, पण ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरशी त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजलं. रिव्हर्स शिकायला ते तयार नव्हते. "मांगं कायले जाऊ? एकदा निघालो तं निघालो." मास्तरनं हात टेकले. सरळ रस्त्यावर मात्र ते चांगली चालवत, गाईलासुद्धा हॉर्न न वाजवता हात जोडत.

मग एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. काकाजी धुतलेल्या धोतरात स्टेअरिंगवर, शेजारी नव्या लुगड्यात काकी, मागं मी आणि बांबू. गल्लीच्या तोंडाशी मी उतरले, गाडीचे कान मिटले आणि पुढं उलटी चालत हातानं इशारे करू लागले. थोडं डावीकडं. आता सरळ. वस्तीतले लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. दोन्हीकडं चार-चार बोटं जागा, अगदी बांबूनं सांगितली होती तेवढीच. गाडी कुठं घासली नाही. सुनंदाच्या दारासमोर ती बरोबर थांबली तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

काकाजींनी दार उघडलं. ते बोटभर उघडलं आणि घराच्या उंच जोत्याला अडलं. काकींनी आपल्या बाजूचं उघडलं. ते समोरच्या भिंतीला लागलं.

इतकी वर्षं मोजमाप केलं, मोबाइलवर सगळ्या गाड्या उलट्यापालट्या केल्या, पण गाडीतून माणसाला उतरायचंही असतं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आता?" काकी म्हणाल्या. "जिंदगीभर येथीच बसाचं का?"

तेवढ्यात दारात सुनंदा आली. हातात पाण्यानं भरलेला लोटा. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी देतात. काकाजींनी काच खाली केली. बापलेक समोरासमोर, मध्ये एक खिडकी.  पाण्याचा लोटा तिच्या हातात आणि धुवायचे पाय गाडीत.

सुनंदाच्या मागून दोन वेण्यांची, तिच्या खांद्याला लागलेली एक मुलगी डोकावली. "आई, हे तं ते बांबूवाले आजोबा होत," ती म्हणाली. "दिवाळी आली का गल्लीच्या तोंडाशी येऊन मोजत राहतात, ते."

काकींनी मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"गल्ली रुंद झाली का ते पाहाले," काकाजी स्टेअरिंगकडं बघत पुटपुटले.

गाडी मागं नेणं भाग होतं आणि रिव्हर्स तर ते शिकलेच नव्हते. तेव्हा घरातून जावई बाहेर आला. जोत्यावरून चपळपणे बॉनेटपुढं उतरला, "बाबूजी, न्यूट्रलमधी टाका," म्हणाला आणि दोन्ही हात लावून गाडी मागं लोटू लागला. शेजारचे दोघे-तिघे धावून आले. असा तो सोहळा. ज्याच्यामुळं या गल्लीत पाय ठेवायचा नव्हता, तोच जावई सासऱ्याला गल्लीबाहेर ढकलत होता आणि दोघं काचेतून एकमेकांकडं बघत होते, दुसरीकडं बघायला जागाच नव्हती. अर्ध्यात आल्यावर जावयाला हसू फुटलं. काकाजींनी त्याला हात जोडले.

"हात नका जोडू बाबूजी," तो धापा टाकत म्हणाला, "स्टेअरिंग धरा."

गाडी रस्त्यावर आली. दार उघडलं. काकाजी उतरले, गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. इथूनच ते दर वेळी परत फिरायचे. मागच्या सीटवरचा बांबू मी काढून हातात घेतला होता. त्यांनी तो मागितला नाही. मग त्यांनी पाय उचलला आणि आत टाकला. काकी मागून लुगडं सांभाळत निघाल्या, त्यांच्या मागं मी.

सुनंदा दारातच उभी होती. ती खाली बसली आणि बापाच्या पायांवर पाणी घालू लागली. एका हातानं तिनं त्यांचा घोटा धरला होता.

"पोरगी आज सांगून राहिली, तुम्ही येत होते म्हणून," ती वर न बघता म्हणाली. "मले तं दर साली दारातून दिसत होते तुम्ही. दर खेपेला लोटा भरून ठेवत होती, बाबूजी. तुम्ही मोजून परत जात होते."

  पाणी संपलं तरी काकाजी तसेच ओल्या पायांनी उभे राहिले आणि मग वळून त्यांनी आल्या वाटेकडं पाहिलं. गल्लीच्या टोकाला पोपटी गाडी उभी होती, दारं उघडीच राहिलेली, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

"एवढीशीच हाये का वो बाई, ही गल्ली?" त्यांनी मला विचारलं.

"हो काकाजी," मी म्हटलं. "एवढीशीच."